टर्बो गाडीची ताकद वाढविण्यापूर्वी : खरेदीचा क्रम आणि हिशेब

कापड घेताना नवखे गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग छपाई पाहते आणि शेवटी भाव विचारते. जाणता माणूस मात्र कापड उलटे करतो, पन्हा मोजतो, बोटांत चुरगळून पाहतो की वजन सुताचे आहे की खळीचे. खळीचे वजन पहिल्या धुण्यात निघून जाते आणि हाती चाळणीसारखे फडके राहते. मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारातही खळीचा माल फार आहे. तो ओळखावा कसा आणि पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी मोटारीच्या धंद्यातला नाही. सिल्लोडला माझे कापडाचे दुकान आहे. परंतु दोन कारणांनी मला हा विषय शिकावा लागला. एक कारण शारजात नोकरी करणारा माझा पुतण्या, आणि दुसरे कारण आमचाच एक टेम्पो. आपल्या समाजात गॅरेज चालविणारे, डिझेल पंप दुरुस्त करणारे, डेंटिंग-पेंटिंग करणारे आणि सुट्या भागांचे दुकानदार मोठ्या संख्येने आहेत. आखातात गेलेली आपली मुलेही अशा गाड्यांच्या नादी लागतात. म्हणून जे शिकलो ते वाचक बांधवांपुढे मांडतो.

प्रश्न कसा उभा राहिला

पुतण्याने शारजात एक जुनी मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन घेतली. दोन लिटरची, टर्बो इंजिनाची, चारही चाकांना ताकद देणारी जपानी गाडी. सहा महिन्यांनी त्याचा फोन आला, "चाचा, तीन लाख रुपये हवेत. वर्षभरात फेडतो." कशासाठी म्हणून विचारले तर त्याने यादी पाठविली. तीत मोठा टर्बो, मोठा सायलेन्सर, बाहेर आवाज सोडणारा व्हॉल्व्ह आणि गाडीच्या मागे लावायचा पंखा असे चार जिनसा होत्या. हे तीन लाख मी ईदच्या हंगामातील मालासाठी बाजूला ठेवले होते.

नाही म्हणणे सोपे होते. परंतु न समजता नाही म्हटले तर मुलगा दुसरीकडून उसने घेईल, हेही मला ठाऊक होते. ती यादी घेऊन मी सिल्लोडमधील एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. तीस वर्षे डिझेल पंप आणि टर्बो उघडणारा हा माणूस, सगळे त्याला उस्तादच म्हणतात. त्याने यादी वाचली, परत दिली आणि एकच प्रश्न विचारला, "सेठ, या गाडीचे कॉम्प्रेशन किती आहे?" मला उत्तर देता आले नाही. पुतण्यालाही आले नाही. तेथून माझा अभ्यास सुरू झाला.

टर्बो काय काम करतो

इंजिनात पेट्रोल जाळायला हवा लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा हवी. साधे इंजिन जेवढी हवा स्वतः ओढेल तेवढीच मिळते. टर्बोमध्ये धुराच्या जोरावर एक चाक फिरते, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसविलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट केली. लहान मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल घाणेरडे झाले की टर्बो गेलाच.

हवेच्या या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. एक बार बूस्ट म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. म्हणजे बाहेर जेवढा हवेचा दाब आहे तेवढाच आणखी. हिशेबाने दोन लिटरच्या इंजिनात चार लिटर इंजिनाची हवा जाते. प्रत्यक्षात तेवढा लाभ होत नाही, कारण दाबलेली हवा तापते. ही गोष्ट पुढे येईल.

आपल्या भागाला टर्बो नवीन नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या, त्यांत टर्बो इंजिनाच्या गाड्या होत्या. आज तर मका आणि मिरची वाहणारी पिकअपसुद्धा टर्बोचीच असते. म्हणून हा लेख केवळ शौकीन मुलांचा नाही. टेम्पो चालविणाऱ्यालाही तो लागू आहे.

जपानी गाड्यांचाच बोलबाला का

१९८९ साली जपानमधील मोटार कंपन्यांनी आपसांत ठरविले की देशात विकायच्या गाडीची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक सांगायची नाही. हा करार २००४ पर्यंत चालला. त्याच काळात निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची सुप्रा, सुबारूची इम्प्रेझा, मझदाची आरएक्स-७ आणि मित्सुबिशीची इव्होल्यूशन या गाड्या नावारूपाला आल्या. कागदावरची ताकद बांधलेली असली तरी त्यांतील काही इंजिने भरपूर मजबुतीने बनविलेली होती. स्कायलाइन आणि सुप्रा यांची सहा सिलिंडरची इंजिने, तसेच जुन्या इव्होल्यूशनचे चार सिलिंडरचे इंजिन यांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. म्हणून थोडे काम केले की ही इंजिने पुष्कळ जास्त ताकद देतात, असे नाव झाले. एचकेएससारख्या जपानी कंपन्यांनी तर या जादा भागांचाच व्यवसाय केला. ती कंपनी १९७३ सालची आहे.

परंतु येथेच चूक होते. "या इंजिनाला खूप दम आहे" हे वाक्य नव्या इंजिनाबद्दल खरे होते. आज त्या गाड्या वीस ते तीस वर्षांच्या झाल्या आहेत. किती हातांतून गेल्या, कोणी तेल बदलले, कोणी नाही, कोणाला माहीत? नव्या ताग्याचा भाव जुन्या कापडाला लावू नये.

पहिला खर्च : तपासणी

उस्तादने सांगितले की एक रुपयाचाही भाग घेण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

(१) कॉम्प्रेशन. प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते घड्याळ लावून पाहावे. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचे. साधारण दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर पुढे जाऊ नये.

(२) कमी दाब असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गास्केटचा आहे.

(३) टर्बोचा दांडा हाताने हलवून पाहावा. किंचित खेळ असतोच, परंतु चाक कवचाला घासत असेल तर टर्बो संपला.

(४) हवेच्या नळ्यांत दाब भरून गळती शोधावी. पुष्कळ वेळा "गाडी ओढत नाही" या तक्रारीचा इलाज एका फाटक्या नळीत आणि एका क्लॅम्पमध्ये असतो.

(५) टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचा पुरावा मागावा. पुरावा नसेल तर बदललाच नाही असे समजावे. इव्होल्यूशनच्या जुन्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

पुतण्याने शारजातील एका गॅरेजात तपासणी करविली. तीन सिलिंडर १४५ ते १५० पौंड, चौथा ११०. तेल टाकूनही आकडा जागचा हलला नाही. हेड उघडल्यावर धुराचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचे दिसले. या इंजिनावर मोठा टर्बो चढविला असता तर काय झाले असते, हे सांगायला उस्तादाची गरज नव्हती. त्या दिवशी पुतण्या प्रथमच गप्प बसून ऐकू लागला.

दुसरा खर्च : थांबण्याची ताकद

आता आमच्या टेम्पोची गोष्ट सांगतो. २०१४ सालची आहे. सुरतेचा माल धुळे-जळगाववरून येई. फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा घाट चढताना भरलेला टेम्पो रडायचा. कोणीतरी सल्ला दिला की पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवा, टर्बोचा दांडा कसा आणि बूस्ट वाढवा. एका गॅरेजात तासाभरात काम झाले. खर्च नाममात्र. टेम्पो घाट असा चढू लागला की आमचा ड्रायव्हर खूश आणि मीही खूश.

दोन महिन्यांनी तोच टेम्पो मक्याचा भार घेऊन घाट उतरत होता. वेग वाढला होता, ब्रेक तेच होते. तिसऱ्या वळणावर ब्रेकचे पेडल खाली गेले. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून टेम्पो डोंगराच्या बाजूला घासला. त्याचा हात मोडला. उजव्या बाजूला दरी होती. तो माणूस आमच्याकडे अठरा वर्षे होता आणि त्याच्या घरी तीन मुले होती. पुढे उन्हाळ्यात त्याच टेम्पोचा एक पिस्टन वितळला. तोपर्यंत मला पिस्टनचे काही वाटेनासे झाले होते.

स्क्रू फिरविणाऱ्याला मी दोष देत नाही. पैसे मी दिले होते आणि "ब्रेकचे काय?" हा प्रश्न मी विचारला नव्हता.

याचा हिशेब साधा आहे. गाडीतील धावेची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० चा वेग १२० केला तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती सव्वादोनपट होते. ती सारी उष्णता बनते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलणे हा सर्वांत स्वस्त 'परफॉर्मन्स' आहे.

त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा पैसा टायर, ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑईल आणि शॉकअब्सॉर्बर यांवर जावा. टायरची बनावटीची तारीख चार आकड्यांत लिहिलेली असते : पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. "२३१९" म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानदाराने नवा म्हणून दिलेला टायर किती वर्षे गोदामात पडून होता ते येथे कळते.

तिसरा खर्च : थंडावा आणि घड्याळे

हवा दाबली की तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बाहेर ४० अंश उष्मा असताना एक बार बूस्ट घेतला तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १३५ ते १४० अंशांची असते. गरम हवा पातळ असते आणि ती पेट्रोलला वेळेआधी पेटविते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन वर येत असतानाच वरून हातोडा बसतो. कान देऊन ऐकले तर डब्यात खडे हलविल्यासारखी खटखट ऐकू येते. असे काही मिनिटे चालले तरी पिस्टनला भोक पडू शकते.

इंटरकूलर ही हवा थंड करतो. १३८ अंशांची हवा ६० अंशांवर आली तर तेवढ्याच दाबात वीस टक्क्यांच्या आसपास जास्त हवा मावते, आणि नॉकिंगचा धोका घटतो. म्हणून सिल्लोडचा मे महिना असो की शारजाचा ऑगस्ट, गरम मुलुखात चांगला इंटरकूलर, स्वच्छ रेडिएटर आणि तेलाचा कूलर यांना टर्बोपेक्षा आधी मान आहे. युरोपातील थंडीत चाललेली यादी आपल्या उन्हात जशीच्या तशी उतरवू नये.

सोबत तीन घड्याळे बसवावीत : बूस्टचे, तेलाच्या दाबाचे आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे. घड्याळ ताकद वाढवीत नाही म्हणून मुले ते टाळतात. तराजूसुद्धा माल वाढवीत नाही, पण तराजूवाचून दुकान चालत नाही.

एक फुकटची सवयही येथेच सांगतो. घाट चढून किंवा गाडी पळवून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवावे. नाहीतर तापलेल्या टर्बोतील तेल जागीच करपते.

चौथा खर्च : इंधन

हवा वाढली की पेट्रोलही वाढले पाहिजे. पेट्रोल इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले तर नॉकिंगने पिस्टन जातो. डिझेलचे उलट आहे. तेथे हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की धूर काळा होतो, धुराचे तापमान चढते आणि पिस्टन वितळतो. आमच्या टेम्पोचे तेच झाले.

पेट्रोल पुरते की नाही हे कागदावर काढता येते. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला अंदाजे २७० ग्रॅम पेट्रोल लागते, असे धरा. समजा चार इंजेक्टर आहेत आणि प्रत्येक मिनिटाला ५५० मिलिलिटर देतो. इंजेक्टर पूर्ण उघडा ठेवून चालत नाही, ८५ टक्के हीच मर्यादा धरावी. म्हणजे चौघांचे मिळून मिनिटाला १,८७० मिलिलिटर. वजनाने सुमारे १,३८० ग्रॅम, तासाला सुमारे ८३ किलो. त्याला २७० ग्रॅमने भागले तर ३०७ अश्वशक्ती येते. आता कोणी म्हणाला की याच इंजेक्टरवर ४०० करून देतो, तर तो खळ विकतो आहे.

यात आपल्या देशातील बदल लक्षात घ्यावा. २०२५ मध्ये आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल नॉकिंग रोखते, हा फायदा. परंतु लिटरमागे त्यात शक्ती कमी असते, म्हणून निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सुमारे सात टक्के जास्त इंधन द्यावे लागते. वरच्या उदाहरणातील ३०७ चे सुमारे २८७ होतात. शिवाय वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनविलेले नव्हते. त्या आधी बदलाव्यात. गळक्या नळीखाली तापलेला टर्बो असतो.

ऑक्टेनचेही तसेच. शारजाच्या पंपावर ९५ आणि ९८ ऑक्टेन सहज मिळते. आपल्याकडे १०० ऑक्टेन काही मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर २०२० च्या अखेरीपासून मिळू लागले. गाडीची जुळणी ज्या इंधनावर केली तेच नेहमी मिळेल का, हे आधी पाहावे. ९८ वर जुळविलेली गाडी ९५ वर पळविणे म्हणजे स्वतःच्या हाताने इंजिन फोडणे होय.

मगच सायलेन्सर, ईसीयू आणि टर्बो

एवढे झाल्यावर खरी ताकद वाढविणाऱ्या वस्तू येतात. त्यांचे गुणदोष थोडक्यात असे.

एअर फिल्टर : मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर लाभ अगदी थोडा. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. तेल लावायचा फिल्टर असेल तर जास्तीचे तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसून मिश्रण बिघडते.

सायलेन्सर आणि त्यापुढचा पाइप : टर्बोनंतरचा रस्ता मोकळा झाला की टर्बो लवकर फिरतो, हा लाभ खरा आहे. पण जादा धूर वळविणारा वेस्टगेट लहान असेल तर बूस्ट आपोआप चढत जातो आणि आवरत नाही. म्हणून घड्याळ आधी, पाइप नंतर. नुसता आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली असे नाही.

ईसीयूची जुळणी : मूळ टर्बोवर सर्वांत जास्त फरक येथेच पडतो, आणि सर्वांत जास्त नुकसानही येथेच होते. इंटरनेटवरून उतरविलेला तयार 'मॅप' म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा. तुमच्या गाडीवर, तुमच्या इंधनावर, तुमच्या हवेत, डायनोवर मोजून केलेली जुळणीच घ्यावी, आणि आधीचा व नंतरचा आलेख कागदावर मागावा.

मोठा टर्बो : हा शेवटचा. चाक मोठे तेवढे ते फिरायला वेळ लागतो. रस्त्यावर खालच्या वेगात गाडी आधीपेक्षा मंद वाटते आणि मग एकदम उसळते. त्याच्यामागे क्लच, पंप, इंजेक्टर, पिस्टन, रॉड असा खर्चाचा काफिला येतो.

पुतण्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता तो हाच शेवटचा जिन्नस.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ बनावटीशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आवाज आणि धूर यांचा नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड वेगळा. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तर दोन्ही बाजूंनी गुन्हा. आणि विमा कंपनीला न कळविता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर भरपाई नाकारली जाऊ शकते. दंडापेक्षा हा तोटा मोठा, कारण त्यात समोरच्याचा जीवही असू शकतो.

अमिरातीतही परवानगीशिवाय इंजिनात बदल केला तर दंड होतो आणि गाडी जप्त होते.

आणखी एक गोष्ट मुले विसरतात. परदेशातील जुनी गाडी भारतात आणण्याचा साधारण नियम असा की ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे. आखातातील गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते. म्हणजे पुतण्याची गाडी घरी येणार नाही. ती तिथेच विकावी लागणार. आणि बदल केलेली गाडी विकताना बदलांचा पैसा परत मिळत नाही, उलट घेणारा घाबरतो. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग खोक्यात बांधून ठेवावा. विकताना तोच कामी येतो.

माल ओळखावा कसा

नामांकित कंपन्यांचे नाव छापलेला नकली माल सर्वत्र आहे. दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईचे ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा भंगार बाजार किंवा शारजाचा जुन्या भागांचा बाजार. प्रत्येक ठिकाणी खरा मालही मिळतो आणि खोटाही. काही खुणा अशा : खोक्यावरील आणि वस्तूवरील क्रमांक जुळावा, क्रमांक कंपनीकडे पडताळावा, ओतकामाच्या कडा स्वच्छ असाव्यात, पक्के बिल मिळावे. भाव इतरांपेक्षा निम्मा असेल तर फरक कोठून निघाला, हे स्वतःला विचारावे. टर्बो, ब्रेक आणि इंधनाचा पंप हे तीन भाग स्वस्ताईने कधीच घेऊ नयेत.

गॅरेज चालविणाऱ्या बांधवांसाठी

या कामात पैसा आहे यात शंका नाही. पण नाव टिकवायचे असेल तर शिस्त हवी. काम घेण्यापूर्वी कॉम्प्रेशनचे आकडे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. इंजिन अशक्त असेल तर काम नाकारावे. नाकारलेले काम कधी तोट्यात नेत नाही. "इतकी अश्वशक्ती देतो" असे तोंडी वचन देऊ नये, मोजून द्यावे. ब्रेक न तपासता ताकद वाढवू नये. कायद्यात न बसणारे काम मागितले तर स्पष्ट सांगावे, लपवू नये. आणि शागीर्दाला स्क्रू फिरविण्याआधी घड्याळ वाचायला शिकवावे.

शेवटचा हिशेब

पुतण्याला मी तीन लाख दिले नाहीत, आणि रिकाम्या हातानेही परत पाठविले नाही. हेडची दुरुस्ती, टायमिंग बेल्ट, नळ्या, ब्रेक, टायर, इंटरकूलर आणि तीन घड्याळे असे सगळे मिळून दोन लाखांच्या आत बसले. टर्बो मूळचाच राहिला. मागचा पंखा यादीतून त्याने स्वतः खोडला. महिन्याभराने फोनवर म्हणाला, "चाचा, गाडी पहिल्यापेक्षा चांगली पळते." मी म्हटले, "बेटा, ती आधीही पळणार होतीच. तिला दुखणे होते, ते तू ऐकत नव्हतास."

उरलेल्या लाखाचा ईदचा माल भरला. आमचा तो ड्रायव्हर आता टेम्पो चालवीत नाही. हात जुळला, पण वाकडा जुळला. तो दुकानात गल्ल्याजवळ बसतो आणि ताग्यांचा हिशेब ठेवतो. कोणी तरुण मुलगा मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून दुकानासमोर आवाज करीत थांबला, तर तो बाहेर जातो आणि त्याला एवढेच विचारतो, "ब्रेक पाहिलास का?"